आमदाराचा शेवटचा विषय

आमदाराला त्याच्याच पक्षाच्या अध्यक्षाने फसवलं. आमदार गेल्यावर त्याच्या बायकोला द हेगमधल्या एका संस्थेने फसवलं. दोन्ही वेळा युक्ती एकच होती. दुसऱ्या वेळी सौदा करायला मी स्वतः बसले होते, म्हणून हे मी लिहिते आहे.

आमदार आपल्याकडचा नव्हे. मध्य अमेरिकेतल्या एका लहान देशाच्या संसदेचा तो सभासद होता. तिथे एकच सभागृह आहे, त्यामुळे खासदार म्हटलं तरी चालेल; पण लोकांचे नळ, पूल आणि शाळेवरचे पत्रे बघत फिरणारा माणूस मला आमदारच वाटतो. देशाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा नकाशा उघडतो, 'तिकडे असंच चालतं' म्हणतो आणि नकाशा मिटतो. माणसांचीही नावं लिहीत नाही. ज्यांनी उत्तर द्यायचं आहे त्यांना ती माहीत आहेत.

माझा धंदा जुन्या सामानाचा. वडील भोसरीत भंगार घ्यायचे, त्यामुळे वस्तू उलटी करून बघायची सवय मला लहानपणापासून. लग्न करून नवऱ्याच्या व्हिसावर इथे द हेगला आले तेव्हा लोक मला विचारायचे, दिवसभर घरी काय करता? एका दूतावासातल्या बाई बदली होऊन निघाल्या होत्या, त्यांचा सोफा मी फुटपाथवर उभी राहून घेतला आणि संध्याकाळच्या आत दुसऱ्या फुटपाथवर विकला. तिथून सुरुवात. द हेगमध्ये दूतावासाची माणसं सारखी येतात-जातात आणि जाताना प्रत्येकाला घाई असते. घाईत असलेल्या माणसाकडून घ्यायचं आणि निवांत माणसाला विकायचं. कुणी शिकवलं नाही, कुणी भांडवल दिलं नाही. ट्राम यार्डाच्या मागे माझं गोडाऊन आहे, आणि दारावर पाटी माझ्या नावाची आहे.

महामारीच्या पहिल्या वसंतात तर अर्धे दूतावास रिकामे झाले. विमान मिळेल तशी माणसं गेली आणि सामान मागे राहिलं. गोडाऊन भरल्यावर मी घर भरलं. नवरा आयटीत, तो जेवणाच्या टेबलावर बसून काम करायचा, आणि त्याच्या अंगाखालचं फर्निचर रोज बदलायचं.

"अहो, उठा जरा. ही खुर्ची गेली."

"अगं, मीटिंग चालू आहे."

"कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसता ना? मग उभ्याने बोला."

आमची मुलगी हे सगळं डचमध्ये मैत्रिणींना सांगून हसायची. मराठी तिला कळतं, पण उत्तर नेहमी डचमध्ये येतं.

अशात एका दुपारी गोडाऊनवर एक बाई आली. फुलाफुलांचा, घरी शिवलेला मास्क. मी तिला ओळखत होते म्हणजे जिन्यात पाहिलं होतं. आमच्याच इमारतीत, आमच्या एक मजला खाली एकटी राहायची आणि कपड्यांची दुरुस्ती करायची. तिने सरळ मोठं टेबल गाठलं, खाली वाकून पाय बघितले, कुठे भुगा पडतो का ते बघितलं. तेव्हाच मला कळलं की हे गिऱ्हाईक सोपं नाही.

"एकट्या बाईला आठ माणसांचं टेबल कशाला?" मी विचारलं.

"कापड कापायला. आणि तुला काय करायचंय? तू विकतेस की चौकशी करतेस?"

मी भाव सांगितला. तिने निम्मा सांगितला. मी हसले, ती हसली नाही, वळली आणि निघाली. जाणारी गिऱ्हाइकं दारापाशी एकदा तरी मागे बघतात, मी त्याच्यावरच जगते. हिने बघितलंच नाही. रस्ता ओलांडून सायकलचं कुलूप काढायला लागली तेव्हा मीच हाक मारली.

टेबल दोघींनी मिळून जिन्यावरून नेलं. ते दीड मीटरपेक्षा लांब होतं, त्यामुळे दोन टोकांना धरून आम्ही सरकारच्या नियमातच होतो. वर पोचल्यावर मी विचारलं, मागे न बघायला कुठे शिकलीस? तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. एक सावळा, जाड मिशांचा माणूस बसच्या पायरीवर उभा राहून हसत होता.

"माझा नवरा. त्याला गोळ्या घातल्या," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

ती मला वेसिना म्हणायची, तिच्या भाषेत शेजारीण. मी तिला ताई म्हणू लागले. ताईचा अर्थ सांगितल्यावर म्हणाली, बरा शब्द आहे, फुकट मिळाला. पुढे दीड-दोन वर्षं कुणाला कुणाकडे जायची धड परवानगी नव्हती, पण घरात एक पाहुणा चालत होता, आणि तो पाहुणा आम्ही एकमेकींकडे आळीपाळीने झालो. दोघींचं डच खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लावलेल्या वर्गात शिकलेलं, तिच्या खिडकीपुरतं. त्यात आमदाराचं सगळं आयुष्य बसवायचं म्हणजे आम्हाला बऱ्याच दुपारी लागायच्या. ती उसवत असायची, मी कुठल्या तरी खुर्चीला पॉलिश लावत असायचे.

तो डोंगरातल्या कॉफी तोडणाऱ्यांच्या घरातला. आधी बसवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग स्वतःची बस. अमेरिकेत शाळेच्या पोरांना नेऊन नेऊन थकलेल्या पिवळ्या बसेस त्यांच्याकडे विकायला येतात. तसली एक त्याने घेतली, हिरवी रंगवली, आणि ताईने तिला पडदे शिवले. डोंगरातलं गाव ते राजधानी, सकाळी जायची, संध्याकाळी परत. मधला सगळा वेळ बस राजधानीत उभी. तेव्हा लोक त्याला आपले अर्ज द्यायला लागले. कुणाच्या जमिनीचा उतारा, कुणाचं पेन्शन. तो रांगेत उभा राहायचा. कुठल्या खिडकीवरचा कारकून जेवणाआधी चिडतो आणि कुठला जेवणानंतर झोपतो, हे त्याला पाठ झालं. काही वर्षांत डोंगरातल्या लोकांना सरकार म्हणजे ती हिरवी बस वाटायला लागली. मग त्यांनी त्याला नगरपालिकेत पाठवलं, आणि तिथून एका पक्षाने उचलून संसदेत नेलं. पक्षाला डोंगरातली मतं हवी होती.

"आणि त्याला काय हवं होतं?" मी विचारलं.

"पूल."

बस ज्या दरीतून जायची तिथला ओढा पावसाळ्यात रस्ता खायचा. पक्षाला विमानतळाला एका जुन्या जनरलचं नाव द्यायचं होतं. त्या जनरलने आमदाराच्या काकाला तुरुंगात घातलं होतं. आमदार पक्षाच्या माणसाला म्हणाला, नावाला हात वर करतो, पुलाचं काम आधी सुरू करा. पहिला खांब उभा राहिल्यावरच त्याने हात वर केला.

मी म्हटलं, "काकाला तुरुंगात घातलं त्याच्यासाठी हात वर केला? मी असते तर..."

"तू असतीस तर अजून ओढ्यात उभी असतीस," ताई म्हणाली. "जनरल मेलेला होता. बस जिवंत माणसांची होती."

त्याची सगळी कारकीर्द ही अशी. शाळेच्या पत्र्यांसाठी त्याने एका मंत्र्याच्या पुतळ्याला विरोध करायचं सोडलं. दवाखान्यात रोज डॉक्टर यावा म्हणून एका नावडत्या ठरावाच्या दिवशी आजारी पडला. अर्धं मिळालं की घरी गाणं म्हणत यायचा, आणि पूर्ण मिळालं की काळजीत पडायचा. मला हा माणूस आवडला. मी कधी भेटले नाही, पण आमचा धंदा एकच होता.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात ताईला एका संस्थेचा फोन आला. द हेगमध्ये अशा संस्था पुष्कळ. जगातल्या मारल्या गेलेल्या माणसांची त्या आठवण ठेवतात, आणि ते काम चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. आमदाराच्या स्मृतिदिनी ऑनलाइन कार्यक्रम करायचा होता. त्यांनी छोटी फिल्मही बनवली होती. ती त्यांनी आधी दाखवायला पाठवली. आम्ही टेबलावर लॅपटॉप ठेवून बघितली. सुरुवातीलाच भारदस्त आवाजात कुणी तरी म्हणालं की हा माणूस आयुष्यात कधी कुणाशी तडजोड करायला तयार झाला नाही.

ताईने फिल्म थांबवली. "हा कोण?"

"तुझा नवरा."

"माझा नवरा भाजी घेतानासुद्धा तडजोड करायचा. यांनी त्याच्या पन्नाशीपर्यंतच्या सगळ्या कामावर बोळा फिरवला. पूल कुठे आहे? दवाखाना कुठे आहे?"

पुढे बोलणाऱ्यांची नावं होती. त्यात एक नाव बघून ती उठून खिडकीपाशी गेली. तिच्या नवऱ्याच्या पक्षाचा त्या वेळचा अध्यक्ष. आता तो त्यांच्या सरकारात फार वरचा माणूस आहे, आणि संस्थेला त्या देशात नदीसंबंधी काही नवीन काम सुरू करायचं होतं, त्याला परवानगी लागते. तो श्रद्धांजली वाहणार होता. ताईला तीन मिनिटं मिळणार होती, आणि वाचायला मजकूर त्यांनीच लिहून पाठवला होता.

"मला त्याच्यासमोर बोलायचंय," ती म्हणाली. "तो पडद्यावर असताना. सगळे ऐकत असताना. नवऱ्याने पक्षाशी शेवटचा सौदा काय केला होता ते, आणि तो कुणी मोडला ते. बाकी मला काही नको."

"हे माझ्यावर सोड," मी म्हटलं.

संस्थेच्या समन्वयकाला मी कालव्याच्या काठावर भेटले, कारण ऑफिस बंद होतं. उंच, शांत, सायकलवरून आलेला माणूस. आम्ही दीड मीटर अंतर ठेवून चालत होतो. भाव करताना मी समोरच्याचे ओठ बघते. डोळे कुणालाही सांभाळता येतात, ओठ येत नाहीत. त्याचे ओठ मास्कमागे होते. ते मला आधीपासूनच खटकत होतं.

मी सांगितलं, मजकूर ती स्वतःचा वाचणार. तो म्हणाला, अर्थातच. मी सांगितलं, आधी रेकॉर्ड करून देणार नाही, थेट बोलणार. तो म्हणाला, तेच योग्य. मी सांगितलं, ती डचमध्ये बोलणार, दुभाषा नको. हा ताईचाच विचार होता: दुभाष्याचा आवाज बंद करता येतो, तिचा स्वतःचा करायला धाडस लागेल. तो म्हणाला, सुंदर कल्पना. मग मी पंधरा मिनिटं मागितली. सात मिळाली तर खूश व्हायचं ठरवून मागितली होती.

"पंधरा," तो लगेच म्हणाला. "आणि त्यांना आपण शेवटी ठेवू. शेवटी सगळ्यात मोकळी जागा असते."

आता इथे मला काय वाटलं ते सांगते. आमच्या लोकांचे कार्यक्रम मी लहानपणापासून बघितलेत. विहारात, जयंतीच्या मंडपात, आणि इथे आल्यावर बाडहूव्हडॉर्पच्या भाड्याच्या हॉलमध्ये. आधी वंदना होते, मग पाहुणे बोलतात, मग पोरांची गाणी होतात, आणि सगळ्यात शेवटी अध्यक्ष बोलतात. स्वयंपाकघरातून भाजीचा वास यायला लागलेला असतो, लहान पोरं रडत असतात, पण अध्यक्षांचं होईपर्यंत कुणी उठत नाही. महामारीत जयंती झूमवर झाली तरी अध्यक्ष शेवटीच बोलले आणि तेव्हाही कुणी गेलं नाही. जेवण तर ज्याच्या त्याच्या घरी होतं. आमच्यात शेवटचं बोलणं हा मान असतो. मी ताईला अध्यक्षपद मिळवून दिलं या ऐटीत ट्राममधून घरी आले.

"पंधरा मिनिटं," मी दारातूनच सांगितलं. "थेट. तुझ्या शब्दांत. आणि सगळ्यात शेवटी."

"शेवटी?"

"शेवटी. मानाची जागा."

ताईने सुई पिनकुशनला टोचली आणि मला बसायला सांगितलं. मग तिने तोवर न सांगितलेला भाग सांगितला.

आमदाराने सगळी ताकद एका कायद्यामागे लावली होती. डोंगरातली नदी वळवून खालच्या उसाला न्यायची एका कंपनीची योजना होती. कायदा इतकाच की वरच्या गावांनी होकार दिल्याशिवाय नदीला हात लावायचा नाही. तो पुढे येतच नव्हता. मग अंदाजपत्रकाच्या वेळी पक्षाला एकेक मत मोजावं लागलं, आणि आमदाराने भाव सांगितला: अंदाजपत्रकाला माझं मत, त्याच दिवशी माझा कायदा मतदानाला. अध्यक्षाने लगेच हो म्हटलं. त्या संध्याकाळी आमदार घरी आला तो गाणं न म्हणता आला. कायदा कामकाजात घेतला होता, शेवटचा विषय म्हणून.

अंदाजपत्रक मंजूर झालं. अध्यक्ष सगळ्यांत आधी उठला, त्याच्यामागे रांगेने बाकीचे उठले. मतदानाला लागतात तेवढी माणसंच उरली नाहीत. आमदार मात्र बोलायला उभा राहिला. बोलायला माणसं लागत नाहीत. तो बोलत होता तोवर सभापतीला खुर्ची सोडता येत नव्हती आणि लघुलेखकाला हात थांबवता येत नव्हता. रिकाम्या बाकांसमोर त्याने सगळं भाषण केलं, आणि त्या कंपनीत पक्षाध्यक्षाचा मेहुणा भागीदार आहे हेही त्यात सांगितलं. धमक्या होत्या म्हणून त्याला दोन पोलीस दिलेले होते. ते त्यानंतर काढून घेतले. मग एका सकाळी तो कोपऱ्यावरच्या दुकानात मक्याच्या गरम भाकऱ्या घ्यायला गेला. ताई आत घेवडा परतत होती. ज्याने गोळ्या झाडल्या तो सापडला. कुणी पाठवलं ते अजून सापडलेलं नाही. अंत्ययात्रेत पक्षाध्यक्षाने ताईचा हात धरून भाषण केलं.

"लगेच हो म्हणाला ना तुझा माणूस?" ताईने मला विचारलं.

एखादं कपाट पहिल्याच भावाला मिळालं तर मी त्याच्या पाठीवर ठोकून बघते, आतून वाळवीने खाल्लेलं असतं. हे मी रोज करते. मी तिथल्या तिथे समन्वयकाला फोन लावला आणि चढ्या आवाजात विचारलं की प्रक्षेपण केव्हा बंद होणार.

"कार्यक्रम संपेपर्यंत चालू राहील," तो म्हणाला.

"नक्की?"

"माझा शब्द आहे."

इथली माणसं तोंडावर नाही म्हणतात, पण हो म्हटलं की पाळतात, असा इतक्या वर्षांचा माझा अनुभव होता. "त्यांना पहिलं ठेवा," मी तरी म्हटलं. तो म्हणाला की पत्रिका छापून सगळ्यांना गेली आहे. माझा आवाज आणखी चढला. नवरा वरच्या मजल्यावरून खाली आला आणि हळूच म्हणाला, "अगं, त्याच्याकडून काही विकत घ्यायचंय की त्याला मारायचंय?"

ताईने माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. "राहू दे. बोलायला माणसं लागत नाहीत."

कार्यक्रमाच्या दिवशी मी फुलं, मेणबत्ती आणि हार घेऊन गेले. पांढऱ्या फुलांचा हार मी सकाळी स्वतः ओवला होता, इथे तयार कुठे मिळणार. फोटोला घालायला गेले तर ताईने हात धरला.

"हे काय?"

"आमच्यात गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात."

"घातल्यावर काय होतं?"

मी विचार केला. "काही होत नाही. तो गेला, हे आपण मान्य केलं असं दिसतं."

"मग आत्ता नको. तो गेला हे मला मान्य आहे. ज्याने मारेकरी पाठवला त्याने अजून काही मान्य केलेलं नाही."

हार मी पाण्याचे थेंब मारून तिच्या फ्रिजमध्ये ठेवला.

ती टेबलाच्या मधोमध बसली, गडद निळा झगा, केस ओढून बांधलेले. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, शेजारी, आणि माझ्या फोनवर सगळं टिपत होते. तेवढी अक्कल मला आली होती. फिल्म झाली. एक प्राध्यापक बोलले. मग तो पक्षाध्यक्ष आला. पांढरे केस, मागे झेंडा. तो चांगला बोलतो, खोटं का सांगू. 'माझा भाऊ' म्हणाला, 'आमच्या डोंगराचा आवाज' म्हणाला. त्याची वेळ केव्हाच संपली होती. ज्या देशात डॉक्टरसुद्धा बोलता बोलता घड्याळ बघतो, तिथे त्याला कुणी थांबवलं नाही. ताई हलली नाही. तिचा हात टेबलावर सपाट पडलेला होता, कापडावर ठेवतात तसा.

तो संपल्यावर समन्वयक पडद्यावर आला. जगभरातून पाहणाऱ्या सर्वांचे आभार, तो म्हणाला, आपला कार्यक्रम इथे संपतो. आता आपण आपल्या लहान वर्तुळात कुटुंबीयांचं मनोगत ऐकू. कोपऱ्यातला प्रक्षेपणाचा लाल ठिपका गेला. अध्यक्षाने कपाळाला हात लावून नमस्कारासारखं काही तरी केलं आणि त्याची चौकट काळी झाली. प्राध्यापक गेले. चौकटी एकामागून एक विझत गेल्या.

मी लॅपटॉप मिटायला उठले. माझ्या तोंडात भोसरीतले सगळे शब्द आले होते.

"बस," ताई मला म्हणाली. "फोन सरळ धर."

आणि ती बोलली. मोडक्या, खेमेंटेच्या डचमध्ये, मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत जावं तसं. पूल सांगितला, जनरल सांगितला, दवाखाना सांगितला. माझा नवरा घासाघीस करणारा माणूस होता आणि त्याची मला लाज वाटत नाही, म्हणाली. त्याने मत दिलं, त्यांनी कायदा दिला नाही, म्हणाली. मेहुण्याचं नाव घेतलं. पोलीस काढून घेतले गेले तेव्हा तिने अध्यक्षाला फोन केला होता, आणि 'उद्या बघतो' असं उत्तर मिळालं होतं, हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. शेवटी त्या काळ्या चौकटीकडे बघून म्हणाली, "तू तेव्हाही असाच उठून गेलास."

समन्वयक आणि त्याची एक सहकारी, एवढेच उरले होते. सहकारी डोळे पुसत होती. समन्वयक खाली बघत होता. या वेळी त्याने मास्क घातलेला नव्हता, आणि त्याचे ओठ मला नीट दिसत होते. ते घट्ट मिटलेले होते. हा माणूस चकित झालेला नाही, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही पंधरा मिनिटं मागितली, ती मिळाली. थेट बोलणं मागितलं, ते मिळालं. प्रक्षेपण कार्यक्रम संपेपर्यंत चालू होतं. त्यानंतरचा भाग कार्यक्रमाचा नव्हता."

"ते तुम्ही कधी ठरवलंत?"

"वातावरण फार आदराचं होतं," तो म्हणाला.

त्याने जे केलं ते मला ओळखू येतं, म्हणूनच राग जास्त आहे. हा अडाणीपणा नव्हता की घाई नव्हती. कसलेल्या माणसाने केलेला सौदा होता. फरक इतकाच की मी खुर्ची विकते तेव्हा चार पाय त्याच खुर्चीचे असतात.

संस्थेने कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळ्यांसाठी ठेवला आहे. तो आभारापाशी संपतो. त्यानंतरचा भाग माझ्या फोनमध्ये आहे. निर्बंध उठल्यावर तो मी गोडाऊनमध्ये दाखवला. विकायची सगळी कपाटं भिंतीला लावली आणि वेगवेगळ्या दूतावासांच्या खुर्च्या ओळीने मांडल्या. ताईच्या देशाकडच्या बायका आल्या, आमचे जयंतीचे लोक आले, एनस्खेडेहून संशोधन करणारी दोन मुलं आली. ताईचं भाषण मी सगळ्यात आधी ठेवलं. बाकी कुणाला बोलायचं असेल तर त्यानंतर, म्हटलं. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. माझ्या मुलीने तिथे बसून ते सगळं लिहून काढलं, आणि मराठीत सांग म्हटल्यावर पहिल्यांदाच मला मराठीत वाचून दाखवलं.

तोच कागद समोर ठेवून मी हे लिहिलं आहे. आणि आता मागते आहे.

समन्वयकसाहेब, ताईला शेवटी ठेवायचं हे तुम्हाला कुणी सुचवलं? ती अट तुमच्या पाहुण्याची होती का? तुमच्या नदीच्या कामाची परवानगी केव्हा आली, आधी की नंतर? गाळलेला भाग त्याच व्हिडिओला जोडा, शेवटी नको, सुरुवातीला. तोवर मी दर आठवड्याला फोन करणार आहे, आणि मी कंटाळत नाही हे द हेगमधल्या कुणाही दूतावासाला विचारा.

आणि अध्यक्षमहाराज, तुम्हाला एकच प्रश्न. ते दोन पोलीस कुणाच्या सांगण्यावरून काढले? ताई टेबलापाशी बसली आहे. फोटो भिंतीवर आहे, हार न घातलेला. यावेळी उठून जाऊ नका. उत्तर द्या.